निम्मा फिरवलेला कॉक

सोसायटीचा सेक्रेटरी असताना मी एका माणसाला फाटकाबाहेर ठेवलं. त्याचं कारण फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. ते खोटं होतं. आज तीन वर्षांनी खरं लिहितो आहे.

पनवेलमध्ये टँकर सुरू झाले की मी सूचना काढायचो. सारी नोकरी परिपत्रकं लिहिण्यात गेलेली, हात शिवशिवायचे. त्यातली सर्वांत गाजलेली सूचना लिफ्टमध्ये लावली होती : प्रत्येकाने घरातले पाण्याचे कॉक निम्मे फिरवून ठेवावेत. धार बारीक झाली, भांडी घासणाऱ्या बायका मला नावं ठेवू लागल्या आणि मी कृतार्थ झालो.

आमच्या गॅलरीत गॅस गिझर आहे. त्याला टाकी नाही. नळ उघडला की आत ज्योत पेटते आणि पाणी तापून येतं. जवळच्याच कोन नावाच्या गावचा एक मेकॅनिक दरवर्षी त्याची सर्व्हिसिंग करायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. इमारतीतले बहुतेक गिझर त्याच्याच हातचे. त्या वर्षी त्याने आतला क्षार धुतला, जाळी साफ केली आणि गिझरखालचा कॉक, जो गंजून बसल्यामुळे माझ्या सूचनेतून सुटला होता, तेल घालून मोकळा केला. गरम पाण्याची बादली भरून दाखवली. निघताना म्हणाला, "काका, ह्यो कॉक पुरा उघडा ठेवा. पानी कमी आला त पेटाचा नाय."

मी मान डोलावली. तो जिना उतरतोय तोवर मी कॉक निम्मा फिरवला. सूचना काढणाऱ्यानेच ती मोडायची म्हणजे काय?

सकाळी गिझर नुसता टकटक करत राहिला. मी सेल उलटसुलट घातले, नवे आणले, सिलिंडर बदलला, रेग्युलेटर चारदा चालू-बंद केला. मग त्याला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो कॉकचा. उघडा आहे, असं मी ठणकावून सांगितलं. निम्मा उघडा म्हणजे उघडाच, अशी माझी समजूत. संध्याकाळी येतो म्हणाला. मी नको म्हटलं आणि दुपारी फळ्यावर लिहिलं की सदर मेकॅनिकचे काम सदोष असल्याने त्यास प्रवेश देऊ नये.

चार दिवस शेगडीवर पाणी तापवल्यावर बायकोने गॅलरी धुताना तो कॉक पुरा उघडला. गिझर भक्कन पेटला. ती एवढंच म्हणाली, "अहो, फळा पुसून या."

मी गेलो नाही. एक सूचना मागे घेतली की पुढची कोण वाचणार, असं मनाला समजावलं. आमचा गिझर चालू झाल्याची बातमी पसरली आणि तो मीच दुरुस्त केला असा समज झाला. तो मी होऊ दिला. शेजारचे बोलावू लागले. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन जायचो, सगळ्यांना बाहेर थांबवायचो, कॉक पुरा उघडायचो आणि थोडा घाम पुसून बाहेर यायचो. मला दोनदा चहा आणि एकदा श्रीखंड मिळालं. त्याच काळात तो दोनदा फाटकाशी आला आणि वॉचमनने त्याला फळा दाखवून परत पाठवलं. एकदा मी वरून बघत होतो.

गेल्या महिन्यात मासळी बाजारात तो समोर आला. त्याने साधेपणाने विचारलं, गिझर पेटतो ना? मग मला राहवेना. तिथेच, हातात कोळंबीची पिशवी धरून, सगळं सांगितलं.

"मना तवाच म्हाईत व्हता, काका," तो म्हणाला. "लिफ्टमदला तुमचा कागद मी वाचला व्हता. मना सांगून काय? फळ्याव लिवा."

नव्या सेक्रेटरीने एका दिवसापुरता फळा दिला. मी माझ्या नावासकट लिहिलं की दोष त्याच्या कामात नव्हता, माझ्या सूचनेत होता. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या. श्रीखंड त्यांनीच दिलं होतं. त्या बायकोकडून मेकॅनिकचा नंबर घेऊन गेल्या.

त्यांचं काम करून तो आमच्याकडेही डोकावला. मला टाळून बायकोला म्हणाला, "काकी, काका अजून फिरवतान काय ह्यो?"

"कसा फिरवतील?" ती म्हणाली. "त्या कॉकची मूठ मी तेव्हाच काढून ठेवलीय."