बांगड्याचे कल्ले आणि माझा पांढरा उजेड

शनिवारी संध्याकाळी माझ्या हातून पांढरा उजेड निघाला आणि मी प्रयोगशाळेत फुगडी घातली. एकटीनंच. फुगडीला जोडीदार लागतो हे मान्य, पण तिथं फक्त एक ओव्हन होता आणि तो तापलेला होता.

पांढरा उजेड म्हटलं की लोक म्हणतात, त्यात काय, दुकानात मिळतो की दिवा. मिळतो, मलाही ठाऊक आहे. मला तो माझ्या पद्धतीनं हवा होता. घाटकोपरहून मुलुंडला जाऊन चार वर्षं मी पिठीसाखरेसारखी दिसणारी एक पूड बनवत होते. तिचा प्रत्येक कण आतून पोकळ, नुसत्या खोल्याच खोल्या. जांभळट एलईडीवर धरली की ही पूड स्वतः निळी चमकते. तिच्या खोल्यांत हिरवा आणि लाल उजेड देणारे रंग नेऊन बसवायचे, म्हणजे तिन्ही मिळून पांढरा. हे रंग गर्दीत एकमेकांना चिकटले की विझतात. प्रत्येकाला वेगळी खोली मिळाली की गुण्यागोविंदानं उजळतात. माझे आजोबा गिरणीत होते आणि लालबागच्या एका खोलीत अकरा माणसं राहायची, त्यामुळे हा मुद्दा आमच्या घरात कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

मंगळवारी पीएचडीच्या समितीपुढे दिवा लावून दाखवायचा होता. नाही जमलं तर विषय बंद, नवा विषय, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असं माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं आणि सर गंमत करणाऱ्यांपैकी नव्हेत. शनिवारी उजेड मोजणाऱ्या यंत्रानं आकडे दाखवले: पांढरा. सर चक्क हसले आणि म्हणाले, "झालं. आता याला हात लावू नकोस."

घरी नेऊ नकोस असं काही ते म्हणाले नव्हते. मी दिवा कापसात गुंडाळून डब्यात घातला आणि घेऊन आले.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघराची खिडकी लावली, पडदा ओढला, ट्यूब बंद केली आणि ओट्यावर माझा दिवा लावला. बाबा म्हणाले, "झकास!" मी तर हवेतच होते. तेवढ्यात आई बाजारातून बांगडे घेऊन आली. तिला उजेडाचं काही कौतुक नव्हतं, मासे साफ करायची घाई होती. तिनं पहिल्याच बांगड्याचा कल्ला वर केला आणि तिचा चेहरा बदलला.

"शिळे असत हे! फसवल्यान माका!"

कल्ला खरंच मळकट तपकिरी दिसत होता. वीस वर्षं एकाच कोळणीकडून मासे घेणाऱ्या बाईचा असा विश्वासघात झाला की पुढे काय होतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आईनं बांगडे परत पिशवीत कोंबले, पायांत चप्पल सरकवली आणि निघाली. मी मागोमाग पळाले, निदान तिला आवरायला तरी.

बाजारात आईनं पिशवी कोळणीच्या फळीवर आपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं. कोळणीनं एक बांगडा उचलला, छत्रीच्या बाहेर उन्हात धरला आणि अंगठ्यानं कल्ला उघडला. लालभडक. नुकत्याच तोडलेल्या जास्वंदीसारखा.

"अगं बाय, पहाटंचं म्हावरं हाय हे! डोले तपासून घे तुझे!"

आई पाहतच राहिली. शेजारच्या चार गिऱ्हाइकणी तिच्याकडे पाहत राहिल्या. आणि मी? मी तिथं, कोलंबीच्या टोपलीशेजारी, हसत सुटले. हसू थांबेचना. कारण आईचे डोळे ठणठणीत होते आणि मासेही ताजे होते. शिळा होता तो माझा दिवा! निळा आणि पिवळसर हिरवा मिळून यंत्राला फसवण्यापुरता पांढरा झाला होता, पण त्यात लाल जेमतेम होता. उजेडातच लाल नाही, तर कल्ल्यात दिसणार कुठून?

"हसतंस काय गो?" आई खेकसली. मी म्हटलं, "आई, चूक माझी आहे." कोळणीची माफीही मीच मागितली. पोरीचं डोकं फिरलंय, असं ती म्हणाली.

मग मात्र मी हिशेब केला. पूड होती तेवढी दिव्याच्या काचेखालीच होती. तीच काढून लाल रंगात पुन्हा भिजवायची, म्हणजे शनिवारचा पांढराही हातचा जाणार. सरांना फोन केला. ते म्हणाले, "यंत्र पास म्हणतंय ना?"

"हो सर. पण मासा नापास म्हणतोय."

"मी काही ऐकलेलं नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी त्याचा अर्थ परवानगी असा घेतला आणि दुपारीच मुलुंड गाठलं. पूड भिजवली, धुतली; थोडं हिरवं बाहेर आलं, थोडं लाल आत शिरलं. पहिल्यांदा उजेड गुलाबी आला आणि मी रडले. पुन्हा धुतलं. सोमवारी दुपारपर्यंत जे तयार झालं ते यंत्राला पांढरं वाटलं. पण यंत्रावरचा माझा विश्वास उडाला होता.

मंगळवारी समितीनं मान डोलावली आणि विषय माझ्याकडेच राहिला. पण माझा निकाल त्याआधी, सोमवारी संध्याकाळीच लागला होता. घरी येऊन मी पुन्हा स्वयंपाकघरात अंधार केला आणि दिवा लावला. पण कल्ला बघायला घरात मासाच नव्हता. सोमवारी आमच्याकडे मासे आणत नाहीत, हे मी गडबडीत साफ विसरले होते. मी हताश होऊन दिव्यासमोर बसले. आई त्याच उजेडात भाजी चिरता चिरता वळली आणि माझ्याकडे बघून थबकली.

"डोळे बघ कसे झालेत तुझे! दोन दिवस निजलंस तरी काय?"

"कसे झालेत?"

"लाल गो, लाल! काय जीव देतंस त्या दिव्यापायी?"

मी उठून तिला गच्च मिठी मारली, सुरीसकट. "आई," मी म्हटलं, "अजून एकदा सांग ना."