चोवीस काट्यांचं साळिंदर

शिक्केबाई तीस वर्षं रबरी शिक्के बनवत होत्या, म्हणून त्या शिक्केबाई. त्यांचं दुकान बसस्टँडसमोर, चष्म्यांच्या आणि झेरॉक्सच्या दुकानांमध्ये चिणून बसवल्यासारखं. आत उभं राहिलं की दोन्ही कोपरं भिंतींना लागायची. डॉक्टरांच्या सह्या, शाळांचे गोल शिक्के, 'रद्द', 'पोहोचले', सगळं त्यांच्या हातून गेलेलं. नखाएवढ्या जागेत रेघ किती जाड ठेवली म्हणजे शाई भरून तिचा गोळा होत नाही, हे त्या डोळे मिटून सांगत. बडबड्या माणसांचं मात्र त्यांना वावडं होतं, आणि नेमकी तशीच माणसं वाट्याला आली.

आणली भाच्याने. भाचा प्रोग्रामर. एका प्रोग्रामिंग भाषेच्या मंडळाचा तो सभासद होता. भाषा वापरणारे जेमतेम तीनशे, पण मंडळाचा थाट असा, की जगातले सगळे संगणक यांनाच विचारून सुरू होतात.

"मावशी, ब्राउझरमध्ये पान उघडलं की वरच्या पट्टीवर नावाआधी टिकलीएवढं चित्र दिसतं ना, ते हवंय. आयकॉन. सोळा ठिपके रुंद, सोळा उंच. सात महिने झाले, मंडळाचं काही ठरत नाहीये."

"सात महिन्यांचं मूल बसायला लागतं," शिक्केबाई म्हणाल्या. "दाखव."

मंडळाचं चिन्ह होतं साळिंदर. पाठीवर मोजून चोवीस काटे, कारण भाषेचे संस्थापक चोवीस. आपला काटा कितवा, हे प्रत्येकाला पाठ होतं.

शिक्केबाईंनी आलेखाचा कागद घेऊन सोळा बाय सोळा घरं आखली. पाठीचा उंचवटा, पुढे नाकाचा एक ठिपका, वर तीन जाड काटे. अर्ध्या तासात झालं. कागद भिंतीला चिकटवून त्या रस्त्यापलीकडे गेल्या आणि तिथून पाहिलं. साळिंदरच दिसत होतं. भाच्याने ते संगणकावर उतरवून घेतलं.

रविवारी दुपारी मंडळाची ऑनलाइन बैठक भरली. भाच्याने लॅपटॉप दुकानातच आणला होता. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "ताई, रेखाटन सुरेख आहे. पण काटे तीनच?"

"काटा निदान एक ठिपका जाड, दोन काट्यांमध्ये एक ठिपका मोकळा. चोवीस काट्यांना सत्तेचाळीस ठिपके लागतात. तुमच्याकडे सोळा आहेत."

दिवसभर आकडेमोडीवर पोट भरणारी ती माणसं बोटांवर मोजू लागली. मग कोणीतरी विचारलं, "आठ तरी बसतील?"

"बसतील. कंगवा दिसेल."

तीनच ठेवायचे तर कोणाचे, यावर जुंपली. दाढीवाले एक गृहस्थ म्हणाले, डावीकडून पाचवा काटा माझा, तो व्याकरणाचा आहे, त्याला हात लावता येणार नाही. दुसरे म्हणाले, मग माझ्या काट्याने काय घोडं मारलंय? तिसऱ्यांनी तीन वर्षांपूर्वीच ही भाषा टाकून दुसरी धरली होती, तरी ते काट्यासाठी आवर्जून हजर होते. एकाला काट्यांमधल्या मोकळ्या जागेतून मंडळाची मूल्यं दिसायला हवी होती. शिक्केबाईंनी एका शाळेचा शिक्का पुढे ओढला आणि काम सुरू केलं. दोन तासांनी मतदान झालं. चोवीसच्या चोवीस काटे ठेवायचे ठरले.

भाचा हिरमुसला. "आता काय करू?"

"त्यांचं मोठं चित्र बारीक कर आणि टाक त्यांच्या पदरात. बायकोला सिनेमाला ने."

मंडळाने चार पानी घोषणा करून आयकॉन लावला. शिल्पकार म्हणून चोवीस नावं होती, शिक्केबाईंचं नव्हतं. पट्टीवर दिसत होता एक राखाडी डाग. पहिल्याच आठवड्यात अकरा जणांनी कळवलं, की वेबसाइटमध्ये बिघाड दिसतोय. एकाने तर प्रांजळपणे लिहिलं, की आपण दोन दिवस स्क्रीन पुसत होतो. पाहायची सवय व्हावी लागते, असं अध्यक्षांनी सगळ्यांना उत्तर दिलं.

वेबसाइट सांभाळणारा माणूस मितभाषी होता. तक्रारींची पत्रं रोज त्याच्याकडेच यायची. तो वैतागला. एका सकाळी त्याने भाच्याकडून शिक्केबाईंचं चित्र मागून घेतलं आणि कोणाला न विचारता डाग काढून ते लावून टाकलं. तक्रारी थांबल्या.

महिन्याने पुन्हा बैठक झाली. भाचा दुसऱ्या दिवशी दुकानात आला तो हसू दाबतच.

"अध्यक्ष म्हणाले, बघा, झाली की नाही सवय? माझा मधला काटा किती स्वच्छ दिसतो. दाढीवाल्यांना डावीकडचा आपला वाटतोय. ते भाषा सोडून गेलेले, त्यांना उजवीकडचा."

"आणि बाकीचे एकवीस?"

"त्यांनाही त्या तिघांतलाच कुठला ना कुठला आपला वाटतोय. उरलेल्यांबद्दल सगळ्यांना वाईट वाटतं, एवढंच. ते कोण, हे कोणी विचारलं नाही. मावशी, सांगू का त्यांना, की हे तुझं आहे?"

"मुळीच नको. सांगितलंस तर बैठक घेतील."

पुढच्या महिन्यात भाच्याने मंडळ सोडलं. भाषा सोडली नाही. ती चांगली आहे, असं तो म्हणे. मंडळाचा तिच्यावर अजून काही परिणाम झालेला नव्हता.