मालकिणीचा कच्चा मुळा

आमच्या घरमालकिणीचा मला आजही राग येतो, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. अंबरनाथ पश्चिमेला तिच्या चाळीत आम्ही भाड्यानं राहायचो. आम्ही बौद्ध आहोत हे कळल्यापासून नळावर आईची बादली सगळ्यात शेवटी लागायची. मी उल्हासनगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. विषय होता माणसाच्या अंगात राहणारे जंत. हे कळल्यावर ती म्हणाली, "किडे बघायला कॉलेज कशाला? तुमच्या घरातच मिळतील की!"

तिची मुलगी आठवीत होती, माझ्याकडे गणिताच्या शिकवणीला यायची. तिला अचानक फिट्स येऊ लागल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी स्कॅन काढून सांगितलं, मेंदूत गाठ आहे, डुकरातल्या पट्टकृमी नावाच्या जंताची. गोळ्या लिहून दिल्या. मालकीण परतली ती थेट आमच्या दारात.

"आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही. डुक्कर खाणाऱ्यांचा रोग माझ्या पोरीला कसा? तुझ्याकडे गणिताला पाठवत होते, म्हणूनच ना?"

आमच्या घरात डुक्कर कधी शिजलं नव्हतं. पण तिला ते सांगायला मी गेले नाही. शिजलं असतं तरी तिच्या बापाचं काय जात होतं?

तिच्या लेखी गोळ्या देणं म्हणजे तो रोग आपल्या घरातला म्हणून कबूल करणं. तिनं त्या कपाटात टाकल्या आणि मुलीची शुद्धी सुरू केली. शिजवलेलं बंद. त्यांच्याकडे एरवीही यायचा तो रुळांकडेच्या मळ्यातला ताजा मुळा आता रोज, पाल्यासकट कच्चा. त्या मळ्याला पाणी नाल्याचं, आणि आमच्या चाळीचे संडास त्याच नाल्यात सुटायचे. मी त्याच मळ्यातली एक जुडी कॉलेजात नेली. पाला खळबळून धुतला, ते पाणी गाळून ठेवलं आणि तळाचा गाळ काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरला. गोल, तपकिरी, जाड कवचाची अंडी. पट्टकृमीचीच. मला आधी आनंद झाला, मग भयंकर संताप आला.

दुसऱ्याच दिवशी मुलगी नळावर फिट येऊन पडली. मी तिला कुशीवर वळवलं. मालकीण ओरडली, "हात लावू नकोस तिला!"

मी हात काढला नाही. सगळ्या बायकांदेखत म्हणाले, "डुक्कर खाऊन जंत पोटात होतो. मेंदूत गाठ होते ती त्या जंताची अंडी पोटात गेल्यानं, आणि ती माणसाच्या गुवातून येतात. तुमच्या पोरीनं डुक्कर नाही खाल्लं. ती गू खातेय, आणि तुम्ही रोज हातानं भरवताय. मुळा उकळून द्या. गोळ्या द्या, नाहीतर पोर हातची जाईल."

संध्याकाळी निरोप आला, महिनाअखेरीला खोली खाली करा.

सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मुलगी हळूच माझ्याजवळ आली. "ताई, आई गोळ्या देते. फिट नाही आली परत. पण सगळ्यांना सांगायचं, उपासानं बरी झाले."

तिच्यामागे ओट्यावर मालकीण मुळ्याच्या पाल्यावर उकळतं पाणी ओतत होती. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग पातेल्यात उरलेलं पाणी घेऊन ती आमच्या रिकाम्या खोलीत शिरली. टेम्पो सुरू झाला तरी ती आमची फरशी घासतच होती.