बागेतले चंदन आणि माझा ‘गुप्त बातमीदार’

ती घटना आजही आठवते. पण आजवर मी ती अर्धीच सांगत आलो.

परभणी जिल्ह्यातल्या नदीकाठच्या एका शहरात मी पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. तिथल्या निजामकाळच्या सार्वजनिक बागेतले जुने चंदनाचे झाड भर दुपारी, बाग बंद असताना, कापून नेले गेले. कुलूप शाबूत होते. किल्ली उतारवयाच्या माळ्याकडे, म्हणून मी त्यालाच ठाण्यात आणून बसवले. नगरपालिकेने त्याला कामावरून बंद केले.

“कोणाला आत घेतलंस?”

“लायटीच्या तारंवरच्या फांद्या छाटायला मानसं आली होती, सायब. कुलूप काढून दिलं अन् मी जेवायला गेलो.”

मी त्याच्या कानाखाली मारली.

दुसऱ्या दिवशी हवालदाराने चहा पुढे केला. माळी म्हणाला, “चहा ऱ्हाऊ द्या. कारंज्याजवळच्या दुसऱ्या चंदनाला गिरमिटाचं भोक हाय, मातीनं लिंपलेलं. आतला गाभा बघून गेलेत ते. परत येनार. तिथून तार जातच न्हाई. फांद्या छाटतो म्हनले की धरा.”

जाऊन पाहिले. भोक होते.

साध्या वेशात सापळा लावला. ओळख पटवायला माळ्याला माझ्याजवळ पाण्याच्या टाकीमागे बसवले. चौथ्या दुपारी टेम्पो आला. शिडी, करवती, डोक्यावर पिवळ्या टोप्या.

“तारांवरच्या फांद्या छाटायच्यात.”

खांद्यावर टॉवेल टाकून फाटकात उभा असलेला आमचा हवालदार म्हणाला, “या की! तुमचीच वाट बघायलोय.”

“तेच हायत,” माळी कुजबुजला.

करवत खोडाला लागताच आम्ही झडप घातली. तिघे जागीच सापडले. चौथा पळाला, तोच माळ्याने पाण्याचा पाईप त्याच्या पायांत ओढला. गडी वाफ्यात आडवा!

“आरं, गुलाब मोडू नको!” माळी ओरडला. सगळे ठाणे हसले.

पहिल्या झाडाचे ओंडकेही सेलूच्या एका गोदामातून जप्त झाले. माळी कामावर परतला. मी मात्र डायरीत लिहिले, ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली.’ सत्कार माझा झाला. कागदोपत्री माळ्याचे नाव राहिले ते संशयित म्हणूनच. सांगणाऱ्याचा हुद्दा पाहून त्याचे म्हणणे तोलू नये, हे मी तिथे शिकलो. पण ते कबूल करायला निवृत्तीनंतरही वर्षे घेतली.

परवा त्याच्या घरी गेलो. माफी मागितली आणि विचारले, “मामा, खरं लिहितोय. तुमचं नाव घालू?”

“नाव कशाला? बागेचा माळी लिवा. गावाला ठाव हाय तो कोन ते.”

म्हणून लिहितो : माझा गुप्त बातमीदार म्हणजे बागेचा माळी. गुन्हा त्याने उघडकीस आणला. मी फक्त बेड्या घातल्या.