खोगीर गेलं, भिकुबाई राहिली

एका खोगिरासाठी जित्या माणसाला विमानातून खाली उतरवतात, असं भिकुबाईला कोणी आधी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. पण झालं ते असंच झालं. आखाताच्या काठी, जिकडे नजर टाकावी तिकडे वाळूच, अशा एका ठाण्यावर विलायतेहून कराचीला निघालेलं विमान उतरलं. पांढऱ्या भिंतींची एक गढी, पेट्रोलच्या पिंपांची रांग, वाऱ्याने फुगणारी कापडाची एक लांब पिशवी, संपलं गाव. सगळ्यांना खाली उतरवून चहा पाजला. पुन्हा चढायची वेळ झाली तेव्हा लालबुंद चेहऱ्याच्या ठाण्याच्या साहेबाने मडमबाईला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मडमबाईने एकदा आपल्या पेट्यांकडे पाहिलं, एकदा भिकुबाईकडे पाहिलं. मग धाकट्या बाळाला भिकुबाईच्या कडेवरून स्वतःकडे घेतलं आणि म्हणाली, "आया, तू थांब."

गढीतला खानसामा सिंधी होता, त्याने हिंदुस्थानीत उलगडून सांगितलं. हवा फार तापली आहे, तापलेल्या हवेत विमानाला ओझं पेलत नाही, थोडं वजन कमी करायचं आहे. पुढचं विमान चार दिवसांनी येईल, त्यात तुला बसवतील. भिकुबाईने विमानाच्या दाराकडे पाहिलं. मडमबाईच्या दोन्ही मोठ्या पेट्या आत चढत होत्या. त्यांच्यामागून धुळ्याच्या आपल्या साहेबासाठी मडमबाईने विलायतेत घेतलेलं नवंकोरं खोगीर, पिवळ्या कातड्याचं, कापडात गुंडाळलेलं, दोन माणसांनी जपून उचलून आत ठेवलं. दार बंद झालं. धुरळा उडाला, बाळाचं रडणं त्या घरघरीत बुडालं, आणि भिकुबाई नऊवारीचा पदर तोंडाला लावून वाळूत उभी राहिली.

खोगीर बसलं आणि बाई उतरली! तिच्या डोक्यात तिडीक गेली ती तिथून.

ही भिकुबाई धुळ्याहून साक्रीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावची. आईची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून दृष्ट लागू नये असं भिकेचं नाव ठेवलेलं. नवरा धुळ्याला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बागकाम करायचा. तो तापाने गेला, तेव्हा पदरात एकच लेक, सुगंधा. चुलतदीर दारात उभं करीनात. मग त्याच बंगल्यात भिकुबाई आया म्हणून लागली, आणि गोऱ्यांची पोरं खेळवत तिने आपली पोर वाढवली. तोंडाची फटकळ, पण हात असा मऊ की रडकं लेकरू तिच्या खांद्यावर पडलं की गप. लोक म्हणायचे, गोऱ्यांचं उष्टं काढते. ती म्हणायची, काढते बुवा, तुमचं तर नाही ना काढत.

गेल्या वैशाखात सुगंधाचं लग्न झालं, साक्रीकडच्या झुलाल आबांच्या घरी. जावई सुकदेव स्वभावाने गरीब, पण बापापुढे त्याचं तोंड उघडत नसे. दिवाळीच्या सुमारास मडमबाईचे वडील विलायतेत वारले आणि लेकरं घेऊन तिला बोटीने जावं लागलं. आयाशिवाय चालणार नव्हतं. भिकुबाईने एकच विचारलं, परत कधी? होळीच्या आत, मडमबाईने शब्द दिला. होळीच्या आत म्हणजे आखाजीच्या कितीतरी आधी, म्हणून भिकुबाई गेली.

आता आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण ती काय असते हे खानदेशातल्या लेकीबाळींना विचारा. वर्षभर सासरी राबलेल्या पोरीचे ते हक्काचे चार दिवस. गौराई बसवायची, निंबाला झोका बांधायचा, सांजोऱ्या खायच्या, आंब्याच्या रसाने हात कोपरापर्यंत माखून घ्यायचे आणि सासूच्या नावाने गाणी म्हणून जीव मोकळा करायचा. पण माहेरी आपल्या पायांनी जायचं नाही. माहेरचं माणूस, मुराळी, न्यायला यावा लागतो. मुराळी आला नाही तर सासरचे पाठवत नाहीत, आणि पोर उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघत राहते. त्यात सुगंधाची ही लग्नानंतरची पहिली आखाजी. तिला भाऊ नाही. भिकुबाईने निघण्यापूर्वी चुलतदिरांना विचारून पाहिलं होतं, तर ते म्हणाले, बाटलेल्या घरच्या लेकीला आम्ही आणणार नाही. म्हणजे आई गेली तरच मुराळी, नाहीतर कोणीच नाही. झुलाल आबांनीही लग्नात बजावून ठेवलं होतं: आमच्या घरची सून न्यायला आल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

होळी विलायतेतच गेली. मडमबाईचं आज निघू, उद्या निघू चाललं होतं. मग धुळ्याहून तार आली, साहेब आजारी आहेत, आणि एकदम धावपळ करून विमानाची तिकिटं काढली. भिकुबाईला विमानाची भीती वाटली, पण मनातून तिला बरंच वाटलं. उडत का होईना, आखाजीच्या आत पोचू. आणि आता हे!

गढीच्या भिंतीलगत एक बाक होता. खानसाम्याने तिथे तिचं गाठोडं ठेवून दिलं. सकाळी बाकावर सावली असायची, दुपार कलली की ऊन थेट तोंडावर यायचं, आणि तरीही भिकुबाई हलायची नाही, कारण तिथूनच आभाळ दिसायचं. अशी शांतता तिने जन्मात ऐकली नव्हती. ना कोंबडं, ना बैलाच्या गळ्यातली घंटा, ना जात्याची घरघर. माणसं बोलत ती तिला कळत नसत, आणि जी कळली असती ती बोलत नसत. खानसामा भला माणूस, वेळेवर चहा-रोटी आणून द्यायचा. मडमबाईलाही घाई होती, तिचा माणूस आजारी होता, असं तो समजुतीने म्हणाला. भिकुबाई उसळली. तिचा माणूस आजारी आहे हे तिला मान्यच होतं. त्या माणसासाठी बायको गेली, लेकरं गेली, बरोबरच झालं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खोगीर कशाला लागतं? खानसाम्याने रिकामा पेला उचलला. तो भांडी घासायला निघून गेला.

तिला खरी चीड कशाची होती? नुसत्या उतरवण्याची नव्हे. एखाद्या बाईची गर्दीत गाडी चुकते, माणसं समजून घेतात. पण मडमबाईने आधी पेट्यांकडे पाहिलं होतं आणि मग तिच्याकडे. दोन्हींत काय मागे ठेवावं याचा विचार करायला तिला फार वेळ लागला नव्हता. दोन लेकरं या हातांनी मोठी केली, गोवरात रात्र रात्र मांडीवर घेऊन बसले, आणि शेवटी मी सामानात जमा! आणि तिकडे माझी पोर उंबऱ्यात बसून वाट बघतेय, तिला काय सांगू, तुझी आखाजी एका घोड्याच्या पाठीवर गेली म्हणून?

चार दिवसांनी विमान आलं. भिकुबाई गाठोडं घेऊन सगळ्यांच्या आधी उभी. विमान टपालाच्या थैल्यांनी भरलेलं. ठाण्याच्या साहेबाने तिच्याकडे न बघताच हात हलवला: थांब, पुढच्या विमानाने. तो पाठमोरा होऊन चालायलाही लागला. ती विचारायला तोंड उघडेपर्यंत विमान धुरळ्यात गेलं होतं.

त्या दिवशी ती रडली. बाकावर बसून, लपून न राहता, मोकळ्या आवाजात रडली. आखाजी परवावर आली होती.

आखाजीच्या दिवशी तिने खानसाम्याकडून एक सुरई मागून घेतली, पाण्याने भरली आणि भिंतीच्या सावलीत ठेवली. घरी पितरांच्या नावाने घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. इथे डांगर कुठलं? तिने वर एक खजूर ठेवला, नवऱ्याचं नाव घेतलं आणि हात जोडले. मग तिने त्यालाही फैलावर घेतलं. तुम्ही असता तर पोरीला न्यायला गेला असता, मेलात आणि सगळं माझ्या गळ्यात टाकून मोकळे झालात. ठाण्याचा साहेब जाता जाता थांबला. त्याने सुरईकडे पाहिलं, खजुराकडे पाहिलं आणि हसून निघून गेला. ते हसणं भिकुबाईने गाठीला बांधून ठेवलं.

तिसरं विमान आलं तेव्हा तिने विचारायचं सोडून दिलं. माणसं चहाला गढीत गेली, तशी ती सरळ चालत गेली आणि विमानाच्या पुढच्या चाकाला पाठ लावून मांडी घालून बसली. आपल्याकडे कोणी हक्काचं दाबून ठेवलं, तर त्याच्या दारात धरणं धरून बसतात, अन्नपाणी सोडतात, आणि धरणं देणाऱ्याला ओलांडून कोणी बाहेर पडत नाही. इथे दार नव्हतं, चाक होतं. साहेब ओरडला, खानसाम्याने हातापाया पडून पाहिलं. भिकुबाई म्हणाली की मी इथून उठेन ती आत बसायलाच. विमान चालवणारा साहेब तरुण होता. त्याने खानसाम्याकडून सगळी हकिकत ऐकली. खोगिराचं त्याला दोनदा सांगावं लागलं. मग त्याने टोपी काढून डोकं खाजवलं, ठाण्याच्या साहेबाशी तावातावाने बोलला आणि आपली स्वतःची एक पेटी उतरवून बाकावर ठेवायला लावली. भिकुबाईला त्याचं नाव कधीच कळलं नाही. पण पुढे जन्मभर ती गोऱ्यांना शिव्या घालताना 'एक सोडून' असं म्हणायची.

कराचीला मडमबाईने आगगाडीच्या तिकिटाची सोय करून ठेवली होती, एवढी माणुसकी केली. सुरतेहून नंदुरबार, तिथून मोटार, पुढे मिळेल त्या बैलगाडीने भिकुबाई गावाकडे निघाली. आखाजी होऊन गेली होती. गावोगावी निंबांचे झोके सुटले होते, मुली सासरी परतत होत्या. प्रत्येक गाडीत एक रडवेली पोर दिसली की भिकुबाई तोंड फिरवायची. तिने ठरवलं, घरी गाठोडं टाकायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि तडक साक्रीला जायचं. झुलाल आबांनी दारात उभं केलं नाही तरी चालेल, पोरीचे पाय धरायचे.

घराला कुलूप होतं, जसं ती लावून गेली होती तसंच. आणि ओट्यावर, दाराला पाठ लावून, सुगंधा बसली होती. समोरच्या निंबाला दोराचा झोका बांधलेला होता. वेडावाकडा, एकटीने बांधलेला.

भिकुबाईच्या हातातलं गाठोडं खाली पडलं. "तुले कोन लई उनं व माय?"

"कोनीच नई," सुगंधा म्हणाली. "मनी मी उनू."

तिला कोणी आणलं नव्हतं, ती आपली आपण आली होती. आखाजीच्या आदल्या दिवशीपर्यंत ती सासरच्या उंबऱ्यात बसली होती. सासू म्हणाली, तुझं कोणी नाही, ऊठ, कामाला लाग. तेव्हा ती उठली आणि कामाला न लागता चालत निघाली. कुलूप पाहूनही परत फिरली नाही. शेजारच्या यशोदाअक्काकडे जेवायची, तिच्याच घरी निजायची आणि दिवसभर ओट्यावर येऊन बसायची. आई आल्यावर दार उघडेल, तोवर ओटा तर माहेरचाच आहे, असं तिचं म्हणणं. भिकुबाईने तिला पोटाशी धरलं आणि दोघी भर रस्त्यात रडल्या.

दुसऱ्याच दिवशी, भिकुबाई आल्याचं कळताच, झुलाल आबा गाडी जोडून आले, सुकदेवला बरोबर घेऊन. गाडीतून उतरण्याआधीच त्यांनी तोंड सोडलं. कोणी न्यायला न येता सून घराबाहेर पडली, पंचक्रोशीत नाक कापलं, पुन्हा घरात घेतो हेच उपकार, आत्ताच्या आत्ता गाडीत बसव. भिकुबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिच्या हाताला सांजोऱ्यांचं पीठ लागलेलं होतं.

ती शांतपणे म्हणाली, "याही, मना घर आखाजी आज शे. लेकनी आखाजी व्हई, मंग ती ई. बठा. वाट देखा."

लेकीचा सण होईपर्यंत म्हणजे किती वाट, झुलाल आबांनी गुरकावून विचारलं. भिकुबाईने त्यांच्याकडे न बघताच नुसता हात हलवला, त्या ठाण्याच्या साहेबाने हलवला होता तसा, आणि आत निघून गेली.

सुकदेवने बापाकडे पाहिलं. मग त्याने खाली उतरून बैल सोडले, आणि जाऊन झोक्याचा सैल पडलेला दोर नीट बांधायला लागला. झुलाल आबा ओट्यावर बसून राहिले. दुपार कलली, तसं ऊन थेट त्यांच्या तोंडावर आलं.