एक दात कमी: बारामती-इंदापूरची एक लोखंडी सहल

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्यात नाना पेठेजवळ राहण्याचा तोटा असा की गावाकडचे सगळे मित्र आपल्याला स्पेअरपार्टचे जाणकार समजतात. शेळगावच्या विलासचा फोन आला. "ट्रकच्या एक्सलचा क्राउन-पिनियन आण. मोठ्या चाकाचं दात चाळीस, बारक्याचं सहा. हुरडाबी खायला मिळंल." हुरड्यासाठी मी काहीही वाहून नेलं असतं.

दातेरी चाकांची ती जोडी गोणपाटात बांधून स्वारगेटहून सकाळची बारामती एसटी धरली. सासवड, जेजुरी, मोरगाव करत गाडी तीनेक तासांत पोचवते. मोरगावला उतरून भेळ खा, वेळ मिळतो. कंडक्टरनं माझं गाठोडं पायानं ढोसून सामानाचं वेगळं तिकीट फाडलं. "लोखंडच खाता जनू," म्हणाला.

एमआयडीसीच्या रस्त्यावर बाळूमिस्त्रीचं गॅरेज होतं. विलासचा ट्रक लष्करी लिलावातला, चारही चाकांना जोर देता येणारा. काळ्या रानातून पेरू-टोमॅटो बाहेर काढायला त्यानं मोठे टायर चढवले आणि तेव्हापासून भरला ट्रक चढाला धापा टाकायला लागला. मिस्त्रींनी बशीतला चहा फुंकत मला समजावलं.

"टायर मोठा, म्हंजी एका फेऱ्यात जादा रस्ता. इंजिनाला जड जातंय. एक्सलचं दात बदललं की हलकं हुतं. पर म्होरला न् मागला, दोनी सारकं पायजेत. न्हायतर चिखलात चारी चाकं जोडली की एक हिकडं वढतंय, एक तिकडं. गिअरबॉक्स फुटंल."

मागचा एक्सल आधीच नवे दात घालून बंद केला होता. आता पुढचा. मागचे दात मोजले होते विलासच्या वडिलांनी, आबांनी. त्यांची सारी हयात मेंढरांमागं गेलेली. तो कळप विकूनच हा ट्रक दारात आला, आणि तेव्हापासून आबांना काही काम उरलं नव्हतं. म्हणून हे मोजणं विलासनं मुद्दाम त्यांच्यावर सोपवलं होतं आणि त्यांचाच आकडा मला फोनवर कळवला होता.

मिस्त्रींनी माझं चाक मोजलं. "चाळीस. मागं तर म्या एक्केचाळीस बशिवलेत."

"आबा, तुमी नीट मोजलं व्हतं न्हवं?" विलास म्हणाला.

आबा खाली बसले. एका दातावर खडूची रेघ ओढली, त्याला थोपटलं आणि पुढच्यापासून मोजत गेले. "येकुनचाळीस," म्हणाले.

"रेघंचा ऱ्हायला की वो!" मिस्त्री म्हणाले.

"त्यो म्होरक्या. त्याला कोन मोजतंय?"

कळपाच्या पुढं चालणारा घंटावाला बकरा त्यांच्यात मोजत नाहीत म्हणे. गॅरेजभर हसू फुटलं. विलासचं डोकं फिरलं. "मेंढरं गेली तरी डोस्क्यात मेंढरंच!" आबांचा चेहरा एवढासा झाला. मला विलासचा राग आला, पण खरं सांगायचं तर हसणाऱ्यांत मीही होतो.

दुसऱ्या दिवशी सेट बदलायला मी पुण्याला निघालो, तर आबा घोंगडी खांद्यावर टाकून स्टँडवर हजर. "चूक माजी हाय," एवढंच बोलले. येताजाता वाटेत गाठोडं त्यांनी मला उचलू दिलं नाही. दुकानात नव्या चाकाचे दात तीनदा मोजले, प्रत्येकावर बोट ठेवून. एक्केचाळीस.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुढचा एक्सलही जोडून झाला. लासुर्ण्यात चहा पिऊन शेळगाव गाठलं. कॅनॉलचं पाणी दिलेल्या रानात पेरूच्या पेट्यांनी भरलेला ट्रक उभा केला आणि विलासनं चारी चाकं जोडली. आबा बांधावर हात जोडून उभे. ट्रक एकदा हिसकला, चिखल उडाला, आणि कुठलाही खडखडाट न करता सरळ वर आला. आम्ही सगळे ओरडलो. विलास उतरून बापाकडं न बघता टायरच पुसत बसला. हुरडा मात्र झकास होता. गुळभेंडी ज्वारी आणि लसणाची चटणी, डिसेंबरात जाल तर सोडू नका.

परतीला इंदापूरहून गाडी सोयीची. पुढं भिगवणला थांबली तर मासे खाता येतात. त्याच ट्रकनं दोघं मला स्टँडवर सोडायला आले. एसटीची वाट बघत तिघं केबिनमध्येच बसलो होतो. बोलायला म्हणून मी विचारलं, "आबा, म्होरक्याला का नाही मोजत?"

"मोजायचं ते इकायला. त्यो इकायचा नसतो."

"मग तो घरीच आहे?"

"न्हाय. त्याच्याबिगर बाकीची टेम्पोत चढंनात. त्याला म्होरं घातला, तवा चढली. येपाऱ्यानं पैसं मोजल्याल्या मेंढरांचं दिलं. त्यो तसाच गेला."

विलासचे हात स्टिअरिंगवरच राहिले. हे त्यानंही पहिल्यांदाच ऐकलं असावं. एसटी लागली, मी चढलो. खिडकीतून बघितलं तर तो उतरून आबांच्या बाजूला गेला होता आणि दार धरून नुसताच उभा होता.

घरी पोचलो तेव्हा पिशवी पेरूंनी भरलेली होती. एक्सलचे दात का बदलायचे, ते आता कुणी विचारलं तर सांगू शकतो. दात चुकवणाऱ्या म्हाताऱ्याची ही गोष्ट मी किती मैफलींत रंगवून सांगितली, लोक दरवेळी हसले. इंदापूरच्या स्टँडवरचं बोलणं मी दरवेळी वगळत आलो. ते आज पहिल्यांदा लिहिलं.