“काहील हाय का, बापू?”

हा प्रश्न आबांचा, दर मृगाचा. त्या सकाळी मात्र दुसरीच आरोळी होती.

“काहील सोडा! अहो बापूराव, काहील सोडा!”

मारुतीच्या पारावरून सरपंच ओरडत होते, त्यांच्यामागं अख्खं गाव ओरडत होतं, आणि खोटं कशाला सांगू, त्या आवाजानं ओढ्याचं पाणीसुद्धा वीतभर मागं सरलं असेल. सकाळचे दहा वाजले होते. एरवी शेळीचा खूर भिजणार नाही असा आमचा ओढा, वर कुठंतरी ढग फुटला आणि भरलेला ट्रक उचलून नेईल असा तांबडालाल होऊन निघाला होता. पलीकडच्या वस्तीवर तीन घरं, अकरा माणसं, आणि पाणी उंबऱ्याला टेकलेलं. सगळ्या गावाचे डोळे माझ्यावर, कारण काहील माझ्याकडं. एकच माणूस ओरडत नव्हता. भीमराव आबा. ते माझ्याकडं बघतही नव्हते. लिंबाजवळ रोवलेल्या लोखंडी खांबापाशी, दुखरा गुडघा कसाबसा मुडपून, ते दोराला गाठ मारत होते. मला वाटलं, म्हातारा घाबरला...

आबांना जाऊन आज सहा आठवडे झाले. मी भिगवणला मासे घ्यायला गेलो होतो, तिथंच फोन आला. हातात दीड किलोची चिलापी होती, ती कुणाला दिली, का तिथंच टाकली, का ती आपली आपण पाण्यात परत गेली, काही आठवत नाही.

अंथुर्ण्याच्या अलीकडं, कालव्याच्या खाली आमचं गाव. आबांनी त्या कालव्यावर तीस वर्षं नोकरी केली. पाण्याशी त्यांचं भावकीचं नातं होतं, म्हणजे ओळख पक्की आणि भरवसा शून्य. निवृत्त झाल्यावर बारामतीला आपत्तीचं कसलंसं सरकारी शिबिर झालं, त्याला आमच्या गावातून सात जण गेले. सहा जण जेवण कसं होतं ते सांगत आले. आबा एक फाइल घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी “जय भीम, बापू” म्हणत माझ्या दारात उभे राहिले.

“तुझी काहील पायजे.”

काहील म्हणजे आमच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाची, रस आटवायची लोखंडी कढई. नऊ फुटांची. तिच्यात एकदा चार गावांच्या वऱ्हाडाचा भात शिजला आणि पाचव्या गावाला वाटला. ऊस सगळा कारखान्याला जायला लागल्यापासून ती शेडात पडून होती. आबा म्हणाले, पाण्यावर सोडली तर सहा माणसं आरामात बसतील, दोराला बांधली की ही नाव. मी ग्रामसभेत उठून असं भाषण ठोकलं की खासदाराला लाज वाटावी. “आजपासून ही काहील गावाची! जीव गेला तरी चालेल, काहील हलणार न्हाय!” टाळ्या पडल्या. आबांनी पुठ्ठ्यावर यादी केली. हाळी कुणी द्यायची, गुरं कुणी सोडायची, पलीकडच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या येसाबाईला कुणी उचलायचं. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिहिलं: काहील – बापूराव.

मग दर उन्हाळ्याच्या शेवटी, मृग लागायच्या आधी, शेततळ्यात सराव. काहिलीला ना पुढचं ना मागचं. वल्हं मारलं की गिरकी. पहिल्या वर्षी ती माझ्यासकट इतकी फिरली की बाहेर आल्यावर दोन दिवस मला गाव उलटं दिसत होतं. आबा काठावर शिट्टी घेऊन उभे. हसायचे नाहीत. गावानं सगळी तालीम हसण्यावारी नेली, पण केली, हे मात्र खरं.

पुढं आबांचे गुडघे गेले आणि पाऊसही गेला. टँकरमागं पळणाऱ्या गावाला पुराची तालीम करा म्हणून कुणी सांगायचं? सराव थांबला. तरी मृगाच्या तोंडावर आबा काठी टेकत यायचे.

“काहील हाय का, बापू?”

“हाय आबा! आरशासारखी लखलखती. तोंड बघून दाढी करून घ्या!”

आणि ती होती. पहिली दोन वर्षं खरोखर होती. मग माझ्या पुतण्यानं शेतावर हुरडा पार्टी सुरू केली. पुण्याची माणसं यायला लागली, त्यांना फोटो काढायला काहीतरी गावाकडचं पाहिजे. पुतण्या म्हणाला, काका, काहिलीत बोगनवेल लावू. मी नको म्हणालो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. ड्रिल मशीन मीच धरलं. पाणी निचरायला तळाला पाच भोकं, दर भोक अंगठा जाईल एवढं. वरून गुलाबी रंग. त्या वर्षी आबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “हाय आबा!” तेवढ्याच जोरात.

त्याच थंडीत आबा हुरडा खायला आले. मी त्यांना काहिलीपासून लांब, गोठ्याच्या बाजूला बसवलं आणि तीन तास तोंडाचा पट्टा थांबवला नाही. दाणे खाल्ले, गुडघे चोळले, गेले. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी काहिलीचं नाव काढलं नाही. मी घरात छाती फुगवून म्हणालो, “बघ, याला म्हणत्यात विश्वास. आता इचारतबी न्हाईत.”

त्या हुरड्यानंतरच्या उन्हाळ्यातच आबांनी ओढ्याच्या दोन्ही काठांना खांब रोवले आणि मध्ये तार ओढली. मी जाऊन चिडवलं. “आबा, अल्याडची म्हस पल्याड बांधायची हाय काय?”

“कापडं वाळतील,” आबा म्हणाले. आणि खरंच, बायका तिच्यावर गोधड्या वाळत घालायला लागल्या.

तर त्या सकाळी अख्खं गाव ओरडत होतं आणि मी पळत होतो. बोगनवेल उपटली, भोकांत गोणपाट कोंबलं, वर चिखल थापला, काहील ट्रॅक्टरवर टाकली आणि लग्नाचा नवरदेव आणावा तशी ओढ्यावर आणली. पाण्यात सोडली. तिनं दोन गिरक्या घेतल्या, गुलाबी फुलासारखी झळकली आणि सगळ्यांदेखत गडप झाली.

“तळ गंजला हुता!” मी ओरडलो. कुणी विचारायच्या आधीच ओरडलो.

“लोखंडच ते, गंजायचंच,” सरपंच म्हणाले. गावानं मान डोलावली.

आबांनी तोवर गोधड्यांच्या तारेवर विहिरीची कप्पी चढवली होती, तिला ट्रॅक्टरची ट्यूब बांधली होती. मला म्हणाले, “दोर वढ, बापू.” एवढंच.

काहिलीतून दोन फेऱ्या लागल्या असत्या आणि आबांना काठावरून हलायची गरज पडली नसती. ट्यूबमधून एका वेळी एक. अकरा माणसं, अकरा फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला ट्यूब धरून छातीएवढ्या पाण्यात आबा. तरणी पोरं पुढं झाली, तर म्हणाले, “तुमी काहिलीचा सराव केलाय. ह्याचा मी केलाय.” शेवटी येसाबाई अडून बसली. चार माणसांत ट्यूबात बसायचं म्हणजे तिची लाज जाणार होती. आबा म्हणाले, “मावशे, लाज मागनं आणून देतो, आदी तू चल.” दुपारी दोन वाजता अकराच्या अकरा माणसं अलीकडं चहा पीत होती. माझ्या हातांची सालटं निघाली होती. मी ती गावाला दाखवतही होतो.

चौथ्या दिवशी आबांना ताप भरला, मग छाती. बारामतीच्या दवाखान्यात मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा शहाळी घेऊन, तिन्ही वेळा ठरवून, की आज सांगायचं. आबा, गंज नव्हता, भोकं मी पाडली. आणि तिन्ही वेळा मी त्यांना येसाबाईची नक्कल करून दाखवली. आबा हसले, हसता हसता खोकले, आणि सिस्टरनं मला बाहेर काढलं. चौथ्यांदा नक्की सांगणार होतो...

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी बोललो. बोलणारच. माईक दिसला आणि मी गप्प बसलो, असं आजवर घडलेलं नाही. “आबांचा माझ्यावर जेवढा भरवसा होता तेवढा स्वतःच्या काठीवर नव्हता,” मी म्हणालो. लोकांनी डोळे पुसले. मीही पुसले, आणि अश्रू खरे होते.

मग पाणी प्यायला आत गेलो. आबांची खोली. कॉट, काठी, खुंटीला तो दोर, वाळवून, गुंडाळून ठेवलेला. आणि भिंतीवर पुठ्ठ्याची यादी. सगळ्यात वरची ओळ पट्टी धरून खोडलेली. खाली बॉलपेनानं: दोर – स्वतः. शाई जुनी होती, उन्हानं विटलेली.

मला राग आला. माझा यायला हवा होता, पण आला आबांचा. दगा मी केला, कबूल. पण चाळीस वर्षांच्या ओळखीत या माणसानं मला दोन शिव्या द्यायच्या नाहीत? कॉलर धरून काहिलीपाशी न्यायचं नाही? माझं नाव खोडलं, आणि दोन वर्षं माझ्याच ओट्यावर बसून माझ्याच थापा ऐकत माझाच चहा प्यायले. त्या सकाळी सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. आबा बघत नव्हते, कारण त्यांनी माझी वाट बघणं कधीच सोडलं होतं.

काहील ओढ्यानं फर्लांगभर खाली नेऊन टाकली होती. ती आणलीय. पाचही भोकं बुजवून घेतलीत, शेडात पालथी ठेवलीय. गुलाबी रंग काही केल्या निघत नाही. माझा दगा मात्र मी कार्यक्रमाच्या दिवशीच सुमनवैनींना सांगून टाकला, आबांच्या बायकोला, त्यांच्याच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून. भोकं, गोणपाट, गंजाची थाप, सगळं. त्या कपबशा विसळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी म्हणालो, “वैनी, त्यांना ठावं हुतं. मग येकदा तरी मला इचारायचं हुतं त्यांनी.”

“इचारलं असतं,” वैनी म्हणाल्या, “तर तुमी ‘हाय’ म्हणला असता.”